‘टेन्शन घेऊ नका’ म्हणजे करायचं काय?

“ताई, उद्यमनगरात माझं लेथ-मिलिंगचं छोटं वर्कशॉप आहे. दोन पार्ट्यांकडं पाच महिन्यांची बिलं अडकलीत, मशीनचा हप्ता काही थांबत नाही. रात्री तीनला जाग येते, मान धरलेली असते, पोटात जळजळ. परवा बीपी १५०/९६ निघालं. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. घरात यातलं काही सांगितलेलं नाही, पोरांवर मात्र उगाच ओरडतो. टेन्शन घेऊ नका म्हणजे करू तरी काय?” – एक वाचक, कोल्हापूर

दादा, टेन्शन काय तुम्ही हौसेनं घेताय होय? तो सल्ला ऐकून तुम्हाला राग आला असेल तर तो बरोबरच आहे.

संकट दिसलं की मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही हार्मोन्स सोडतात. छाती धडधडते, रक्तदाब चढतो, रक्तात साखर वाढते, स्नायू आवळले जातात. गल्लीत म्हैस अंगावर आली तर हे सगळं कामाचं. तुम्ही पळता, म्हैस जाते, थोड्या वेळात अंग जाग्यावर येतं. तुमची थकबाकी मात्र पाच महिने अंगावर येतेच आहे. म्हणून मान आवळलेली. कॉर्टिसॉल तसंही पहाटेकडं चढायला लागतं, त्यामुळं तीनला उघडलेला डोळा हिशेब मांडत बसतो.

एकदा मोजलेल्या बीपीवर घाबरू नका, पण ते सोडूनही देऊ नका. घरी मशीन आणा. पाच मिनिटं शांत बसून, आधी अर्धा तास चहा-तंबाखू न घेता, सकाळ-संध्याकाळ आठवडाभर मोजा आणि वहीत लिहा. ती वही डॉक्टरांना दाखवा. गोळी लागली तर घ्यायची, त्यात कमीपणा कसला?

आता चहा. वर्कशॉपात पार्टी आली की चहा, गेली की चहा. चहातलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-एक तास लागतात, तेव्हा चारनंतर कप नको. तंबाखूचा मावा खात असाल (तुम्ही लिहिलं नाहीत, पण उद्यमनगर मला माहीत आहे) तर तो डोकं शांत करत नाही. निकोटिननं नाडी आणि बीपी दोन्ही चढतात. जळजळीलाही हीच जोडी हातभार लावते. जेवणात खर्डा-लोणचं-पापड जरा आवरा. तांबडा-पांढरा बंद करा असं मी म्हणणार नाही, मलाही कोल्हापुरातच राहायचंय.

रात्री जाग आली तर मोबाईल बघू नका. श्वास सावकाश घ्या आणि घेतला त्यापेक्षा जास्त वेळ लावून सोडा, मिनिटाला साधारण सहा. पाच मिनिटांत नाडी उतरलेली जाणवेल. संध्याकाळी रंकाळ्यावर अर्धा तास भरभर चाला, आठवड्यातून पाच दिवस तरी. फोन खिशात, पार्टीचा आला तरी.

पण श्वासानं बिल वसूल होत नाही. तुमची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार पार्टीनं लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या ‘बँक रेट’च्या तिप्पट व्याज लागतं. त्याची तक्रार सरकारच्या पोर्टलवर ऑनलाइन करता येते. गिऱ्हाईक तुटेल ही भीती मला कळते, म्हणून लगेच तक्रार नको. तुमच्या सीएकडून कायद्याचा उल्लेख असलेलं सभ्य पत्र आधी जाऊ द्या. हप्ता चुकण्याआधीच बँकेत जाऊन बोला. चुकल्यावर गेलात तर बोलायला जागा कमी उरते.

आणि वहिनींना सांगा. तीनला तुम्ही कूस बदलता ते त्यांना कळतंच. कारण कळत नाही, म्हणून त्या भलतंच काहीतरी धरून बसल्या असतील. पोरं झोपल्यावर येणं-देणं दोन्ही कागदावर मांडून दाखवा. पोरांनाही एवढं सांगा, की ओरडलो ते तुमच्यामुळं नव्हे.

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम असं काही झालं तर गॅस म्हणून गोळी चघळत बसू नका, तडक दवाखाना गाठा. मन फारच खचलं, जगण्याबद्दल वाकडे विचार आले तर १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलता येतं.