३५ मीटरच्या पट्ट्यात काय काय राहू शकतं

सातारा

चि. मुलीस अनेक आशीर्वाद,

पाटण खोऱ्यातल्या २२० केव्हीच्या (किलोव्होल्टच्या) वीजलाइनचं काम तुझ्याकडे आल्याचं कळलं. फार आनंद झाला, आणि थोडी काळजीही वाटली, म्हणून लिहितो.

लाइनसाठी राखलेला तारांखालचा पट्टा कागदावर ३५ मीटरचा असतो. मुकादम तेवढाच आकडा ऐकतो आणि सगळंच साफ करायला निघतो. तसं करू देऊ नकोस. वनजमिनीसाठी केंद्राचे नियम स्पष्ट आहेत. तार ओढण्यासाठी प्रत्येक तारेखाली ३ मीटरची वाट मोकळी करायची. उरलेल्या रुंदीत तारेला धोका होईल तेवढंच झाड तोडायचं किंवा छाटायचं. तार चढली की त्या वाटांवरही रान पुन्हा येऊ द्यायचं, देखभालीला कडेची एक वाट पुरते. कारवी, करवंद तर कधीच तारेपर्यंत पोचत नाहीत. डोंगराच्या दोन सोंडांमधून लाइन दरीवरून जाते तिथे झाडं तारेच्या कितीतरी खाली असतात, त्यांना उगाच हात कशाला लावायचा? तार ओढायची पहिली दोरी ड्रोनने पलीकडे नेता येते.

झाड आणि तार यांच्यात किमान ४.६ मीटर हवेत. पण हे अंतर थंडीतल्या सकाळी मोजून मोकळी होऊ नकोस. तार तापली की झोल वाढतो. मे महिन्याच्या दुपारी, भर लोडवर ती पार खाली येते, शिवाय वाऱ्याने बाजूला झुलते. हा हिशेब पक्का असेल तरच झाड राखायचा धीर होतो. ज्याला तो येत नाही तो भीतीपोटी सरसकट कापतो, हे मी पुष्कळ पाहिलंय.

सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या उघड्या कातळपठारावर, फार जप. कातळावर माती बोटभर, आणि पावसाळ्यातली फुलं तेवढ्यावरच जगतात. गाडी वर घालू नकोस, सामान डोक्यावरून जाऊ दे. टॉवरच्या पायासाठी खणलेल्या खड्ड्याची वरची माती वेगळी ठेवून शेवटी वरच पसरायला लाव.

खाली कृष्णाकाठी उतरलीस की प्रश्न बदलतो. गळीत हंगामात उसाचं पाचट पेटवतात. त्या धुराने आणि तापलेल्या हवेने लाइन ट्रिप होते, म्हणजे आपोआप बंद पडते, जमिनीचा कसही जातो. नोटिसा चिकटवून हे थांबत नाही. हंगामाआधी गावात जाऊन बस, पाचट कुट्टी करून सरीत ठेवणाऱ्या शेतकऱ्यालाच बोलायला लाव.

मायणीकडे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उतरतात. पाणथळीजवळून लाइन जात असेल तर सगळ्यात वरच्या अर्थवायरवर (आकाशातली वीज झेलणाऱ्या तारेवर) पक्ष्यांना लांबून दिसतील अशा खुणा, म्हणजे डायव्हर्टर, बसवून घे. ती तार बारीक असते. जाड तारा चुकवून वर उठलेला पक्षी तिच्यावरच आपटतो.

पहिल्या फेरीला वनरक्षकाला सोबत ने, तोडायच्या झाडांवर नंबर पडायच्या आधी. यादी झाली की मला पाठव, एकेक झाड बघून सांगतो.

तुझा,
काका