पोलीस पकडतात आणि कोर्ट सोडतं, मग जामिनाचा कायदा कडक का करत नाहीत?

तुमचा राग समजतो. 'सराईत गुन्हेगाराला जामीन' अशी बातमी वाचली की कायदा ढिला आहे असंच वाटतं. पण ३१ डिसेंबर २०२२ ला देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यातली ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही अशी. चारातले तीन. ढिल्या कायद्याचा हा आकडा नव्हे.

जामीन मिळाला म्हणून खटला संपत नाही. आरोपी पळेल का, साक्षीदारांना धमकावेल का, पुरावे नष्ट करेल का, पुन्हा गुन्हा करेल का आणि आरोप किती गंभीर आहे, हे मुख्यतः कोर्ट त्या टप्प्यावर बघतं. त्यामुळे बातमीत कलम कोणतं, चार्जशीट दाखल झालं होतं का आणि कोर्टाने कारण काय दिलं, हे नसेल तर तिच्यावरून मत बनवू नका. जामीनपात्र कलमात तर जामीन हा आरोपीचा हक्कच असतो.

चार्जशीटचा मुद्दा बातमीतून हमखास गळतो. बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे अटक, तपास आणि जामिनाचा कायदा) कलम १८७ नुसार दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या, जन्मठेपेच्या वा फाशीच्या गुन्ह्यात ९० दिवसांत आणि बाकीच्यांत ६० दिवसांत तपास संपवावा लागतो. मोजणी अटकेपासून नाही, पहिल्या रिमांडपासून, म्हणजे कोर्टाने पहिल्यांदा कोठडी दिली तिथपासून आणि तो दिवस धरून. मुदत टळली, आरोपीने जामिनाचा अर्ज टाकला आणि चार्जशीट तासाभराने आलं, तरी जामीन द्यावाच लागतो. मात्र अर्जाआधी चार्जशीट पोहोचलं तर हा हक्क गेला. मुदत टळल्यामुळे मिळणाऱ्या या जामिनाला डिफॉल्ट बेल म्हणतात. छापून येतं 'कोर्टाने सोडलं', प्रत्यक्षात तपासाचं घड्याळ चुकलेलं असतं.

'आरोपीची पोलिसांसमोर कबुली' हा मथळाही तसाच फसवा. ती कबुली कोर्टात सहसा पुरावा म्हणून चालत नाही. तिच्यामुळे एखादी वस्तू सापडली तर त्या सापडण्याशी जोडलेला भागच चालतो. महिनाभर मथळे वाचून गुन्हा सिद्ध झाला असं वाटलेल्या वाचकाला मग जामीन हा अन्याय वाटतो. (वृत्तवाहिन्यांना हे ठाऊक नसतं असं नाही.)

खरी अडचण जामीन मंजूर झाल्यावर सुरू होते. आदेशात लिहिलेलं असतं, समजा, '२५,००० रुपयांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार'. जातमुचलका म्हणजे आरोपीने स्वतः दिलेली लेखी हमी. ही रक्कम सहसा भरायची नसते, पण तेवढ्या ऐपतीचा माणूस आणायचा असतो. त्याचं आधार, रेशनकार्ड, पगाराची स्लिप किंवा सातबारा, घरपट्टीची पावती, कधी तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला. वर 'स्थानिक जामीनदारच हवा' म्हटलं की परजिल्ह्यातला मजूर आत अडकतो. अशी अट अन्यायाची आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने मोतीराम प्रकरणात १९७८ सालीच सांगितलं होतं. त्यातल्या आरोपीला, गवंडी असलेल्या मोतीरामला, १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला होता आणि दुसऱ्या जिल्ह्यातला भाऊ नाकारला होता. म्हणून वकिलाने जामिनाच्या अर्जातच 'जामीनदार मिळेपर्यंत काही आठवडे रोख जामिनावर सोडावं' अशी विनंती जोडावी. हे विसरलं की नुसत्या कागदांसाठी आठवडे जातात.

सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२३ च्या निर्देशांप्रमाणे आदेशानंतर सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला (मोफत कायदेशीर मदत देणारं सरकारी कार्यालय) कळवायचं असतं. महिनाभरात मुचलका वा जामीनदार दिला गेला नाही तर कोर्ट आपणहून अट सैल करण्याचा विचार करू शकतं. गरीब कैद्यांसाठी केंद्राच्या योजनेतून जामिनाला पैशांची मदतही मिळते. पण कोणीतरी पाठपुरावा केल्याशिवाय फाइल फारशी हलत नाही. नातेवाइकांनी प्राधिकरणाच्या कार्यालयात जावं, नाहीतर १५१०० या विधी सेवा हेल्पलाइनवर फोन करावा.

कायदा बदलायचाच म्हणाल तर मी बीएनएसएसच्या कलम ४७९ पासून सुरुवात करेन. आधी कधीच दोषी न ठरलेला माणूस कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत राहिला की त्याला सोडावं, असं ते सांगतं. पण त्याच कलमात पुढे आहे की एकाहून जास्त गुन्ह्यांचा तपास वा खटला प्रलंबित असेल तर ही सवलत नाही. आणि आपल्याकडे साध्या मारामारीच्या एफआयआरलाही तीन-चार कलमं लागतात.