रोशनआरेला काय हवे होते?

अंबाजोगाई

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या नाटकाची वही मिळाली आणि मी ती दोनदा वाचली. शाहजहानच्या दरबारातील जहाँआरा आणि रोशनआरा या बहिणींवर मराठवाड्यातल्या मुलीने लिहावे, याचा आनंद आहे. अजिंठ्याचा घाट उतरून खानदेश ओलांडला की ज्या बुऱ्हाणपुरात आपण पोहोचतो, तिथेच 1617 मध्ये रोशनआरा जन्मली आणि तिथेच 1631 मध्ये या दोघींची आई, मुमताज महल, बाळंतपणात वारली. ज्या भावासाठी धाकटीने सारे पणाला लावले, तो औरंगजेब तर दोन वेळा दख्खनचा सुभेदार होता. तेव्हा ही गोष्ट दिल्ली-आग्र्याची असली तरी तिची एक वाट आपल्या अंगणातून जाते.

आता खटकले ते लिहितो. पहिल्याच प्रवेशात तुझी रोशनआरा आरशासमोर बसून थोरलीच्या रूपावर जळते. ऐतिहासिक नाटकांत आणि मालिकांत दरबारातल्या बहिणी बहुधा अशाच दिसतात, कारण लेखकाच्या हाताशी सवतींच्या भांडणाचा साचा तयार असतो आणि तो बहिणींवर चढवला की काम भागते. पण सवतींमध्ये नवरा असतो. इथे दोघीही जन्मभर अविवाहित राहिल्या, मग त्या कोणासाठी जळतील? मीही तरुणपणी एका नाट्यस्पर्धेत दोन राजकन्यांना एकमेकींच्या झिंज्या उपटायला लावून टाळ्या घेतल्या होत्या, म्हणून तुला दोष देण्याचा अधिकार मला फारसा नाही. मात्र त्या टाळ्या कशासाठी पडल्या होत्या, हे समजायला मला पुष्कळ वर्षे लागली.

भांडण कशाचे आहे, ते आधी कागदावर मांड. मुमताज वारली तेव्हा जहाँआरा सतरा वर्षांची होती. आईच्या मालमत्तेचा अर्धा वाटा एकट्या तिला मिळाला आणि उरलेला अर्धा बाकीच्या भावंडांत वाटला गेला. पादशाह बेगम, म्हणजे साम्राज्यातल्या पहिल्या स्त्रीचा मान, शाही मोहोर आणि पुढे सुरत बंदराचे उत्पन्नही तिच्याकडेच आले. धाकटी तेव्हा तेरा वर्षांची होती. एका घरात, एका आईच्या पोटी जन्मून एकीच्या वाट्याला कारभार आणि दुसरीच्या वाट्याला केवळ तनखा, यातून जे साचत जाते ते रूपाच्या मत्सरापेक्षा फार खोल असते. वाटणीची भांडणे आपल्याकडे गावोगाव आहेत. त्यातली भाषा तुला ऐकून माहीत आहे, ती वापर.

दुसरी गोष्ट साधनांची. रोशनआरेचे जे कपटी, विलासी चित्र तू घेतले आहेस, त्याचा मोठा भाग बर्निये आणि मनुची या परदेशी प्रवाशांच्या लेखनातून आला आहे. मनुची या दोघींचा भाऊ दारा शुकोह याच्या तोफखान्यात नोकरीला होता. गादीसाठी औरंगजेबाशी झालेल्या झगड्यात दाराची बाजू हरली, आणि हरलेल्या बाजूच्या माणसाने जिंकलेल्या बाजूच्या बाईबद्दल जे लिहिले ते आपण इतिहास म्हणून रंगमंचावर आणतो. ते टाकून दे असे मी म्हणत नाही. एखाद्या खोजाच्या किंवा दासीच्या तोंडी कुजबूज म्हणून ते घाल, म्हणजे प्रेक्षकालाही त्याची किंमत कळेल.

जहाँआरेलाही तू देवता करून ठेवले आहेस. तिचा आणि औरंगजेबाचा संबंध वैराचा नव्हता, आणि हाच तुझ्या नाटकाचा न वापरलेला खजिना आहे. 1644 मध्ये कपड्यांना आग लागून ती गंभीर भाजली तेव्हा तो दख्खनहून आग्र्याला आला, तिथे बापाची मर्जी खप्पा होऊन त्याचा सुभा गेला, आणि त्याची बाजू सावरायला शब्द टाकला तो तिनेच. पुढे दख्खनमधून तो बापाबद्दलची गाऱ्हाणी पत्रांतून तिलाच कळवीत असे. 1658 मध्ये समूगढच्या लढाईनंतर भावांमध्ये राज्य वाटून घेण्याचा प्रस्ताव घेऊन तीच त्याच्या छावणीत गेली. हा प्रवेश तुझ्या वहीत नाही! त्या तंबूच्या पडद्याआड रोशनआरा उभी आहे अशी कल्पना केलीस तर नाटककार म्हणून ती तुझी मुभा आहे.

आणि शेवट. तू दाराच्या वधावर, म्हणजे 1659 वर, पडदा पाडतेस आणि धाकटीला हसत ठेवतेस. सात वर्षे पुढे ये. जानेवारी 1666 मध्ये औरंगजेबाच्या कैदेतला शाहजहान वारला आणि त्याच्यासोबत आग्र्याच्या किल्ल्यात राहिलेल्या जहाँआरेला औरंगजेबाने पादशाह बेगमचा मान पुन्हा दिला. ज्या रोशनआरेने त्याच्यासाठी दरबारात डोळे आणि कान उघडे ठेवले, तिला त्या दिवशी काय वाटले असेल? 1671 मध्ये ती वारली, थोरली त्यानंतर दहा वर्षे जगली. हा आघात धाकटीवर बहिणीने केलेला नाही, भावाने केला आहे, आणि या दोघींवरची नाटके नेमके इथेच तोंड फिरवतात.

संवादांतले ‘ताईसाहेब’ काढून टाक. जहाँआरेला दरबारात ‘बेगम साहिब’ म्हणत. धाकटीनेही तिला त्याच पदवीने हाक मारली, तर प्रत्येक हाकेबरोबर तिच्या जिव्हारी लागलेला सल उच्चारला जाईल. त्या दोघी फारसीत किंवा हिंदवीत बोलत असतील, पण मराठीत आपल्याजवळ ‘आपण’, ‘तुम्ही’ आणि ‘तू’ आहे. संपूर्ण नाटकभर रोशनआरेला ‘आपण’ म्हणू दे आणि फक्त 1666 च्या प्रवेशात एकदाच ‘तू’वर येऊ दे. तो ‘तू’ रागाचा की लहानपणीचा, हे नटीवर सोड.

आधी तोच प्रवेश लिही, बाकीचे नंतर पाहू. आठ पानांपेक्षा लांबवू नकोस. पुढच्या रविवारी मी घरीच आहे, दुपारी चारनंतर ये आणि स्वतः मोठ्याने वाचून दाखव.

तुझे सर