मागच्या सीटवरून रेस बघायला

प्रश्न : ताई, आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली. नवऱ्याला मोटरसायकलच्या शर्यतींचं लहानपणापासून वेड. मोटोजीपीची, म्हणजे मोटरसायकलच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेची, एकही रेस तो टीव्हीवर चुकवत नाही. यंदा पहिल्यांदाच आम्ही दोघं प्रत्यक्ष ट्रॅकवर जाणार आहोत, तेही त्याच्याच मोटरसायकलवरून. एका बाजूचं अंतर ४६० किलोमीटर. त्याचा बेत असा, की शनिवारी पहाटे निघायचं, दुपारपर्यंत पोचायचं, रविवारची मुख्य रेस बघायची आणि त्याच रात्री परत यायचं, कारण सोमवारी ऑफिस. दोन तासांच्या वर मागे बसलं की मला बसवत नाही. पण हे सांगितलं तर त्याचा हिरमोड होईल. शिवाय शर्यतीतलं मला ओ की ठो कळत नाही. तिथे जाऊन कंटाळले तर काय करू?

उत्तर : तुमच्या पत्रातलं हिरमोडाचं वाक्य मी दोनदा वाचलं. आधी त्याबद्दलच बोलते, रेसचं नंतर.

डबलसीट प्रवासात किती वेळाने थांबायचं हे मागच्या माणसाने ठरवायचं असतं. चालवणाऱ्याच्या हातात हँडल असतं, गुडघे टाकीला टेकलेले असतात, ब्रेक कधी लागणार हे त्याला आधीच माहीत असतं. मागच्याला ते कळतं तेव्हा ब्रेक लागून गेलेला असतो. त्यामुळे मागच्याची मान, कंबर, मांड्या सगळा वेळ ताणलेल्या असतात. दोन तासांनी बसवत नाही यात तुमचं काहीच कमी नाही. मी अकरा वर्षं मागे बसले आणि मग चालवायला शिकले, म्हणून दोन्ही बाजूंचं सांगू शकते. तुम्ही थकलात की सीटवर सैल बसता, ब्रेक लागला की पुढे आपटता, आणि ते सगळं वजन त्याच्या मनगटांवर जातं. म्हणजे तुम्ही न सांगितलेला थकवा त्याच्यापर्यंत पोचतोच, फक्त उशिरा आणि धोक्याच्या वेळी. तेव्हा आजच सांगा, दर तासाभराने दहा मिनिटं थांबायचं. मांडीवर दोन थापा म्हणजे ‘पुढच्या चांगल्या जागी थांब’ असंही ठरवून टाका. हेल्मेटमधून ओरडून बोलण्यापेक्षा ते बरं.

आता रविवारी रात्री परतण्याचं. हा बेत कृपा करून मोडा. आम्ही एकदा तसंच केलं होतं. दिवसभर उन्हात उभे, संध्याकाळी ट्रॅकबाहेर पडायलाच दीड तास, मग अंधार. शेवटच्या दीडशे किलोमीटरमध्ये माझं हेल्मेट ह्यांच्या हेल्मेटवर टक्कन आपटलं. मला वाटलं ब्रेक लागला. ब्रेक लागलाच नव्हता, मला डुलकी लागली होती. कमरेभोवतीचे माझे हात सुटून मांडीवर पडलेले होते. किती वेळ तशी बसले होते ते मला आजही माहीत नाही. ह्यांनी गाडी कडेला घेतली, हेल्मेट काढलं, आणि आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. त्या दिवसापासून रेसच्या रात्री आम्ही तिथेच मुक्काम करतो.

आणखी एक गोष्ट. रेस सुटल्यावर बाहेर पडणारे शेकडो बाइकवाले डोळ्यांत तीच रेस घेऊन निघतात. ज्या रस्त्याने शुक्रवारी सगळे नीट आले, त्याच रस्त्याने रविवारी संध्याकाळी उजवीडावीकडून घुसतात. मागे माणूस बसलेला असताना त्या गर्दीत असूच नये. सोमवारी सकाळी तोच रस्ता मोकळा मिळतो.

रजा किती मिळेल मला माहीत नाही. तीन दिवसांची मिळाली तर गुरुवारी निघा. एकच मिळत असेल तर ती सोमवारची टाका, जाण्यासाठी नको. ४६० किलोमीटर थांबतथांबत म्हणजे पुरा दिवस धरा. शनिवारी पहाटे निघून दुपारच्या रेसला पोचायची घाई केलीत, तर ती घाई रस्त्यावरच करावी लागेल.

आता कंटाळ्याचं. तुम्ही कंटाळाल असं मला वाटत नाही, पण एक गोष्ट आधी समजून घ्या. टीव्हीवर कॅमेरा रेसच्या मागे धावतो. ट्रॅकवर तुम्ही एका जागी बसता आणि रेस तुमच्यासमोरून जाते. एक फेरी साधारण दीड ते दोन मिनिटांची असते. म्हणजे गाड्या काही सेकंद दिसतात आणि पुन्हा दीड मिनिट नुसता आवाज. रविवारची मुख्य रेस साधारण पाऊण तासात संपते. तेवढ्यासाठीच गेलात तर चुकल्याचुकल्यासारखं वाटेल. पूर्ण तीन दिवस बघितले तर गोष्ट कळते.

शुक्रवारी सराव असतो. दुपारच्या तासाभराच्या सरावात पहिल्या दहांत आलेले रायडर शनिवारच्या पात्रता फेरीच्या, म्हणजे रेसला कोण कितव्या जागेवरून सुटणार ते ठरवणाऱ्या फेरीच्या, दुसऱ्या टप्प्यात थेट जातात. बाकीच्यांना पहिल्या टप्प्यातून झगडून वर यावं लागतं, आणि त्यातून फक्त दोघंच वर येतात. म्हणून शुक्रवारची शेवटची दहा मिनिटं मला फार आवडतात. सगळे नवे टायर लावून एकामागोमाग एक जीव तोडून फेरी मारत असतात. शनिवारी सकाळी पात्रता फेरी आणि दुपारी स्प्रिंट, म्हणजे मुख्य रेसच्या साधारण निम्म्या अंतराची छोटी रेस. ती २०२३ पासून सुरू झाली. मुख्य रेस जिंकणाऱ्याला २५ गुण, स्प्रिंट जिंकणाऱ्याला १२. रविवारी आधी मोटो३, मग मोटो२ (हे खालचे दोन गट) आणि शेवटी मोटोजीपी.

मोटो३ चुकवू नका. नवख्या प्रेक्षकाला रेस सगळ्यात चांगली तिथेच कळते. २५० सीसीच्या लहान, एका सिलिंडरच्या गाड्या आणि बरीचशी कोवळी पोरं. इंजिनांच्या ताकदीत फारसा फरक नाही, त्यामुळे पुढच्याच्या मागे वारा तुटलेल्या जागेत लपायचं आणि योग्य वेळी बाहेर पडून पुढे जायचं, हाच खेळ. दहा-बारा जणांचा घोळका एकत्र येतो, आणि पुढच्या फेरीत तोच घोळका वेगळ्याच क्रमाने समोरून जातो. प्रत्येक फेरीला पहिल्या तिघांचे नंबर लक्षात ठेवायचा प्रयत्न करा. कंटाळा यायला वेळच उरणार नाही.

बसायची जागा ट्रॅकच्या सरळ रस्त्यासमोर घेऊ नका. वेग ऐकायला भारी वाटतो, दक्षिण आफ्रिकेचा रायडर ब्रॅड बिंडर याने २०२३ मध्ये इटलीतल्या मुजेलोच्या ट्रॅकवर ताशी ३६६.१ किलोमीटर गाठला होता. पण त्या वेगाने गेलेली गाडी डोळ्याला नुसती रेघ दिसते. लांब सरळ रस्ता संपून कडक ब्रेक लागतो, त्या वळणाशी जागा घ्या. तिथे माणूस दिसतो. मी एकदा अशाच जागी कुंपणाला टेकून सकाळभर उभी होते. ब्रेक लागताच मागचं चाक जमिनीपासून चार बोटं वर येतं आणि हवेत डावीउजवीकडे हलतं. रायडर वळणाच्या आतला पाय फूटरेस्टवरून काढून हवेत सोडतो. ही लकब इटलीचा रायडर व्हॅलेंटिनो रॉसी याने सुरू केली आणि मग सगळ्यांनी उचलली. मग गाडी आडवी होते, साठ अंशांच्याही पलीकडे, आणि कोपर जमिनीला लागतं. सराव संपल्यावर रस्त्याकडे बघितलं तर ब्रेकच्या जागी टायरच्या काळ्या रेघा होत्या. प्रत्येक रेघ शेजारच्या रेघेहून वीतभर पुढे किंवा मागे सुरू झालेली. कोण किती उशिरा ब्रेक मारतो ते रस्त्यावर लिहिलेलंच होतं. ते बघून मला पहिल्यांदा रेस कळली.

कानात घालायचे बोळे दोघांसाठी घ्या, आणि ते प्रवासातही घाला. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसतो असं धरतात, आणि दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. हायवेच्या वेगाला हेल्मेटमधला नुसता वाराच नव्वदीच्या पुढे जातो. संध्याकाळी डोकं जड होतं त्याचं मोठं कारण तो वारा असतो.

प्रश्न : मी एकटा असताना गाडी छान वळते. पत्नी मागे बसली आणि सामान बांधलं की वळणात बाहेर बाहेर जाते, आणि रात्री समोरून येणारे सगळे मला हेडलाइट मारतात. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं रेस बघायला जाणार आहोत. टायर बदलू का?

उत्तर : टायर झिजलेले नसतील तर बदलू नका. तुम्ही लिहिलेली दोन्ही लक्षणं एकाच गोष्टीची आहेत. मागे वजन आलं की मागची स्प्रिंग दबते, गाडी मागे बसते आणि पुढून उचलली जाते. पुढचं चाक हलकं होतं, फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या नळ्या, जास्त तिरका होतो, म्हणून गाडी वळायला आळस करते. हेडलाइटही त्याचबरोबर वर जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांत घुसतो.

मागच्या शॉकअपवर स्प्रिंगचा प्रीलोड, म्हणजे तिला आधीच दिलेला दाब, वाढवायची कडी असते. बहुतेक गाड्यांबरोबर तिचा पानाही येतो, आणि बहुतेक घरांत तो कोराच पडलेला असतो. दोघांसाठी किती वाढवायचा ते गाडीच्या पुस्तकात असतं. तेवढा वाढवून दोघंही गाडीवर बसा आणि तिसऱ्याला हेडलाइटची उंची बघायला सांगा. मागच्या टायरची हवाही दोघांसाठी वेगळी असते. ती टायर गार असताना भरा, पंचवीस किलोमीटर चालवून मग नको. चेनचा ढिलेपणा दोघं बसलेले असताना तपासायला विसरू नका. वजनाने स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा, वर येतो तशी चेन ताणली जाते. रिकाम्या गाडीवर बरोबर वाटलेली चेन दोघांच्या वजनाखाली तारेसारखी होऊ शकते, आणि मग बेअरिंगं खाते.

सामान बांधताना जड वस्तू खाली आणि पुढे. मागच्या चाकाच्याही मागे लटकणाऱ्या डब्यात कुलूप, हत्यारं, पाण्याच्या बाटल्या भरल्यात, तर प्रीलोड कितीही वाढवा, पुढचं चाक हलकंच राहणार. त्या डब्यात कपडे ठेवा.

पत्नीला एकच गोष्ट सांगा. डाव्या वळणात तुमच्या डाव्या खांद्यावरून बघायचं, उजव्यात उजव्या. ‘गाडीबरोबर झुक’ असं सांगितलं की नवखं माणूस एकतर जास्त झुकतं नाहीतर घाबरून उलट्या बाजूला. खांद्यावरून बघायला सांगितलं की शरीर आपोआप योग्य जागी येतं. आणि तिची खूण मिळाल्याशिवाय गाडी हलवू नका.

ट्रॅकवर गेलात की पिटकडे, म्हणजे गाड्या जिथे थांबवून दुरुस्त करतात त्या जागेकडे, लक्ष ठेवा. दोन सरावांच्या मधल्या वेळात मेकॅनिक हीच स्प्रिंग मिलिमीटरच्या हिशोबाने मागेपुढे करत असतात. १५७ किलोच्या आसपासच्या त्या गाडीला एवढं लागतं, तर दोन माणसं आणि आठवड्याचं सामान वाहणाऱ्या तुमच्या गाडीला नको का?

प्रश्न : रेसच्या दिवशी पाऊस आला तर रेस रद्द होते का? आणि आम्ही छत्री न्यावी का?

उत्तर : नुसत्या पावसाने सहसा रद्द होत नाही. कोरड्या रस्त्याचे स्लिक टायर पूर्ण गुळगुळीत असतात, त्यांना पाणी चालत नाही. पण प्रत्येक मोटोजीपी रायडरची दुसरी गाडी पावसाचे, खाचांचे टायर लावून पिटमध्ये तयार असते. रेस चालू असताना पाऊस आला आणि पांढरा झेंडा हलवला, की रायडरांना पिटमध्ये येऊन गाडी बदलायची मुभा मिळते. कोण कधी आत येतो यावर सगळी रेस फिरते, म्हणून तेव्हा पिटचं तोंड बघत राहा. लाल झेंडा दिसला तर मात्र रेस थांबवली आहे.

छत्री नको. मागच्या चार रांगांना काही दिसत नाही, आणि मोटरसायकलवर ती कुठे बांधणार? दोघांना रेनसूट घ्या आणि पहिल्या थेंबालाच थांबून चढवा, भिजल्यावर नाही. हातमोजा जॅकेटच्या बाहीच्या आत घाला, नाहीतर बाहीवरून ओघळलेलं पाणी थेट बोटांत जमतं. आणि मागे बसणाऱ्याच्या रेनपँटचे पाय घोट्याशी घट्ट बांधा. ते प्लॅस्टिक तापलेल्या सायलेन्सरला लागलं की क्षणात वितळून चिकटतं. माझ्या सायलेन्सरवरचा तो काळा डाग तीन वर्षं झाली, अजून निघालेला नाही.