‘स्टार’ कार्ड आलं, मग चांगलं का होत नाही?

“मॅडम, स्टार कार्ड आलं होतं. आता सगळं चांगलं होणार, असं त्या टॅरोवाल्या म्हणाल्या. मग होत का नाही? माझीच श्रद्धा कमी पडते का?”

टॅरो म्हणजे चित्रांच्या कार्डांवरून भविष्य सांगायची पद्धत, आणि ‘स्टार’ हे त्यातलं आशेचं मानलं जाणारं कार्ड. समुपदेशन करताना हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकलाय, की एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं. त्यासाठी मेघनाची गोष्ट सांगते (नाव आणि तपशील अर्थातच बदललेत).

तिचा नवरा दुसरीकडे राहायला गेला त्याला दीड वर्ष झालं होतं. मेघनाने घरच्या शिकवण्या बंद केल्या होत्या, भाडेकरार अडकवून ठेवला होता. का, तर “तो येणारच आहे.” रोज सकाळी मोबाइलवरच्या ॲपमध्ये कार्ड काढायचं, मनासारखं नाही आलं की पुन्हा काढायचं. स्टार आलं की स्क्रीनशॉट. तिने मला गॅलरी दाखवली, तर एकाच चित्राच्या ओळीच्या ओळी!

“तुमचा यावर विश्वास आहे का?” तिने विचारलं.

“तुमच्या विश्वासाशी माझं भांडण नाही. पण त्या चित्राला तुम्ही काय बोलायला लावताय, ते बघू या.” घडलेल्या गोष्टीपेक्षा आपण तिला चिकटवलेला अर्थ माणसाला जास्त छळतो, असं मानणारी मी आहे. कार्डाचंही तेच.

मग एकदा मी तिला चित्र वाचायला लावलं.

“मोठा तारा आहे. भोवती सात छोटे.”

“आणि बाई?”

“एक गुडघा जमिनीवर टेकलाय, दुसरा पाय पाण्यावर. दोन हातांत दोन घडे. एकातलं पाणी तळ्यात ओततेय, दुसऱ्यातलं जमिनीवर.”

“बघतेय कुठे?”

मेघनाने बोटांनी चित्र मोठं केलं. बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “खाली. पाण्याकडे. मॅडम, तिचं ताऱ्याकडे लक्षच नाहीये!”

हे तिचं तिला दिसलं. मी सांगितलं असतं तर तिने मान डोलावली असती आणि घरी जाऊन पुन्हा कार्ड काढलं असतं. योग्य प्रश्न विचारून गप्प बसणं, हे आमच्या कामातलं अर्धं कसब, आणि ते मला बऱ्यापैकी जमतं असं म्हणायला हरकत नाही.

मग मी तिला आधीचं, सोळावं कार्ड काढायला सांगितलं. त्यात वीज कोसळून मनोरा फुटतोय, माणसं खाली पडतायत. त्यानंतर सतरावं, स्टार. “यात मनोरा पुन्हा बांधलेला दिसतो का?” ती नाही म्हणाली आणि रडली. दीड वर्षात पहिल्यांदा ती ‘तो येईल’ म्हणून नाही, तर ‘तो गेला’ म्हणून रडत होती.

आज सर्रास वापरला जाणारा हा संच १९०९ साली लंडनमध्ये निघाला. चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची, कल्पना आर्थर वेट यांची. गंमत म्हणजे, या कार्डाचे अर्थ देताना वेट यांनी आधी नुकसान, चोरी, त्याग असे शब्द लिहिलेत, आणि आशा हा दुसऱ्या मताप्रमाणे म्हणून. सतरावं कार्ड हमीपत्र नव्हे, हे त्यांनाही ठाऊक असावं.

आशा ही अशी बेडी, की जिने बांधलेला धावत सुटतो, हे सुभाषित आपण शाळेत शिकलो. मेघनाला तिने जागीच बसवलं होतं. ‘तो यावा’ ही इच्छा होती तोवर ठीक होतं. ‘तो आलाच पाहिजे’ झालं तिथे सगळं अडलं.

मला या कार्डाचा आध्यात्मिक अर्थ त्या दोन घड्यांत दिसतो. एक घडा आतल्या तळ्यासाठी: रडणं, प्रार्थना, जप, जे तुमचं असेल ते. दुसरा जमिनीसाठी: भाडं, मुलीची फी, बंद पडलेल्या शिकवण्या. कुणाचे दोन्ही हात पहिल्याच घड्यावर असतात, कुणाचे दुसऱ्याच. मेघनाने त्या आठवड्यात भाडेकरार केला आणि दोन मुलांच्या आयांना फोन केला.

तुमच्याकडे हे कार्ड आलं असेल तर त्या दिवशी पुन्हा काढू नका. आज जमिनीवर काय ओतणार, ते एका वाक्यात लिहा. कार्ड फळावं म्हणून कुणी पैसे घेऊन उपाय सुचवत असेल तर तिथून उठा. आणि इतकं चांगलं कार्ड येऊनही जगावंसं वाटत नसेल, तर कार्ड बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा किंवा ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोला. फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येतं.