आधी पॅचला उत्तर, मग प्रसिद्धी

तुमचं म्हणणं असं की डिजिटल चित्रांसाठीचं तुमचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर चांगलं चालतंय, पण वापरणारे वाढत नाहीत आणि हौसेने आलेले डेव्हलपर थोड्याच दिवसांत दिसेनासे होतात. तर आधी जोरात प्रसिद्धी करावी का? माझ्या मते नको. आलेला माणूस टिकत नसेल, तर प्रसिद्धीने फक्त नाराज होऊन जाणारे वाढतील.

स्वयंसेवक सोडून जातो तो काम अवघड आहे म्हणून क्वचितच. त्याचा पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदल, महिनाभर कुणी उघडूनही बघत नाही, म्हणून जातो. तपासायला वेळ नसेल तरी ‘मिळाला, रविवारी वाचतो’ एवढं दोन दिवसांत कळवा. नाकारायचा असेल तर तेही लवकर आणि कारणासकट सांगा. ब्रश इंजिन कोण बघतं, फाइल इम्पोर्ट कोण बघतं, हे नावानिशी लिहून ठेवा. आणि नवख्यांसाठी राखलेल्या बगवर नुसतं ‘सोपा’ असं लेबल लावू नका, कोणत्या फाइलपासून सुरुवात करायची तेही लिहा. ग्राफिक्स प्रकल्पात रंग, फॉन्ट, जीपीयू यांच्या लायब्रऱ्या (तयार कोडचे संच) जुळवतानाच निम्मे लोक दमतात, म्हणून बिल्डच्या, म्हणजे कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर तयार करण्याच्या, सूचना दर रिलीजआधी कोऱ्या मशीनवर करून बघाच.

केलेलं काम लोकांच्या हाती लवकर पडलं पाहिजे. गिम्प या ओपन सोर्स चित्रसंपादकाची 2.10 आवृत्ती 2018 ची आणि 3.0 थेट 2025 ची. पण मधल्या काळात 2.10 च्या छोट्या आवृत्त्यांतूनही नव्या सोयी येत राहिल्या. हे धोरण मला फार मोलाचं वाटतं.

आता प्रसिद्धी. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचा कोड खुला करायला 2002 मध्ये लोकांनी सात आठवड्यांत 1,00,000 युरो जमवले, पण मला त्याहून शिकण्यासारखा वाटतो तो 2006 चा ‘एलिफंट्स ड्रीम’ हा ब्लेंडरमध्ये केलेला ॲनिमेशन लघुपट. कलाकार आणि डेव्हलपर ॲम्स्टरडॅममध्ये एकत्र बसले, फिल्म करताना जे अडलं ते तिथेच दुरुस्त होत गेलं, आणि तयार फिल्म हीच जाहिरात झाली.

तुम्हाला फिल्म झेपणार नाही, पण चार पानांचं कॉमिक नक्की झेपेल. एका चित्रकाराला ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत तुमच्याच सॉफ्टवेअरमध्ये करायला सांगा, त्याच्या तक्रारी सोडवायला एक डेव्हलपर कायम सोबत द्या, आणि लेअरसकट मूळ फाइल सर्वांसाठी खुली करा. मानधन देता आलं तर जरूर द्या. रिलीजच्या घोषणेत त्या चित्रकाराचं नाव डेव्हलपरांच्या यादीतच, त्यांच्या बरोबरीने येऊ द्या.