ट्रस्ट कंपनीचे (म्हणजे दुसऱ्यांची मालमत्ता त्यांच्या वतीने सांभाळणाऱ्या कंपनीचे) शेअर आधी घेऊन नियामकाची मंजुरी नंतर मिळवता येते का?

नाही. करारावर सह्या करता येतात, पण ‘मंजुरी मिळाल्यावरच व्यवहार पूर्ण’ ही अट घालूनच. शेअर नावावर होण्याआधी मंजुरी हातात हवी.

आणि मंजुरी ‘नियंत्रण’ घेतानाच लागते व नियंत्रण म्हणजे ५१ टक्के, हा समज आधी सोडा. कॅनडात संघीय कायद्याखालच्या ट्रस्ट कंपनीत कुठल्याही एका वर्गाचे १० टक्क्यांहून जास्त शेअर घ्यायचे तरी अर्थमंत्र्यांची मंजुरी लागते. अमेरिकेत राष्ट्रीय ट्रस्ट बँकेला (संघीय परवान्यावर ट्रस्टचं काम करणाऱ्या बँकेला) १९७८ चा बँक नियंत्रण बदल कायदा लागू होतो: मतदानाच्या शेअरपैकी २५ टक्के म्हणजे नियंत्रण, आणि काही परिस्थितीत १० टक्क्यांवरही ते गृहीत धरतात. तिथे ६० दिवस आधी लेखी सूचना द्यावी लागते.

खरी कसोटी कागदपत्रांची. त्याच कायद्यानुसार खरेदीदाराचा मागच्या ५ वर्षांचा व्यवसाय, मालमत्ता-देणी आणि पैसा नेमका कुठून येतोय हे सगळं दाखवावं लागतं. कर्ज काढून घेणार असाल तर कर्जाच्या अटीही. हे जाचक वाटेल, पण मला ते योग्यच वाटतं: या कंपनीच्या हाती वारसांची, अल्पवयीन मुलांची, निवृत्तांची मालमत्ता असते, आणि मालक बदलताना त्यांना कुणी विचारत नाही.

थेट शेअर न घेता वरची होल्डिंग कंपनी (जिच्याकडे ट्रस्ट कंपनीचे शेअर आहेत ती) घेतली, किंवा चौघांनी ठरवून थोडे थोडे घेतले, तरी सुटका नाही; एकत्रच मोजतात.

ट्रस्ट कंपनीचा परवाना कुणी दिलाय ते सर्वात आधी बघा. अर्ज तिथेच जाईल.